घामाची गोळी

ट्रेसिंग पेपरला पाणी चालत नाही. थेंब पडला की कागद तेवढ्या जागी फुगतो आणि वाळला तरी पुन्हा सपाट होत नाही. मी बडोद्यात एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाईसाठी वेगळा शब्द तिथे कुणी काढला नव्हता. आणि माझ्या तळहातांना बारा महिने घाम यायचा.

यावर मी माझ्यापुरते उपाय बसवले होते. उजव्या मनगटाखाली घडी केलेला रुमाल, त्याच्याखाली टीपकागद. डाव्या हातात सुती मोजा, बोटांची टोकं कापलेला. टेबलाच्या खणात टाल्कम पावडरचा डबा. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ एका बैठकीत जेवढ्या रेघा ओढत, तेवढ्यांना मला दोन बैठका लागत, कारण मधूनमधून थांबून हात पुसावा लागे. पण माझी रेघ स्वच्छ होती, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मोज्याबद्दल विचारलं तर मी ॲलर्जी आहे म्हणून सांगत असे. ॲलर्जी म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत.

लहानपणी मी काडी होते. माझं माहेर बडोद्यातच, मांडवीच्या आतल्या बाजूला. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, वडील सरकारी कचेरीत. घरात शिकण्याला महत्त्व फार, त्यामुळे माझी पाटी ओली का होते याचा विचार झाला तो अभ्यासाच्या अंगाने झाला. वडील म्हणाले, "भित्री आहे. परीक्षेची सवय झाली की जाईल." परीक्षांची सवय झाली, घाम गेला नाही. आई पेपराच्या दिवशी दप्तरात टीपकागद घालून द्यायची. हा आजार असू शकतो असं आमच्यात कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. कुणाचा आवाज घोगरा असतो, कुणाचे केस लवकर पिकतात, तसं माझं हे.

लग्न होऊन मी त्याच गावात सुभानपुऱ्यात आले. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुटलं आणि सुटतच गेलं. मग घामही हातापुरता राहिला नाही. मान, पाठ, केसांच्या मुळांतून तो वाहायला लागला. चैत्रात ऑफिसला पोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा आणि मी मोपेडवरून उतरताना पदर पाठीवर ओढून घ्यायची. यात एक सोय झाली. आतापर्यंत माझ्या घामाला कारण नव्हतं, आता सगळ्यांना ते मिळालं. जाड बाईला घाम येणारच. आमचे फॅमिली डॉक्टर तर मी खुर्चीत टेकायच्या आत म्हणायचे, "बेन, वजन उतारो." सर्दीला तेच, कंबरेला तेच, घामाला तेच.

मी उतरवलंही. एक पूर्ण हिवाळा पहाटे मैदानावर चालले, भात सोडला, ऑफिसातल्या वाढदिवसांच्या कचोऱ्या सोडल्या. बांगड्या सैल झाल्या. पाठीचा घाम थोडा कमी झाल्यासारखा वाटला, हातांचा मात्र होता तेवढाच राहिला. उन्हाळ्यात चालणं सुटलं आणि वजन आपल्या जागी परत आलं.

घरात सासूबाई होत्या. मी त्यांना आई म्हणत असे. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या, कामाला चोख. सासरे गेल्यानंतर त्या घराबाहेर फारशा पडत नसत. पूर्वी दांडिया बाजारात एका घरी मराठी बायकांचं भजन असे, तिथे जात, पण तेही त्यांनी सोडलं होतं. गुडघे दुखतात असं सांगत. घरात त्या पाटावर बसून उठताना मी पाहत होते, पण गुडघ्यांचं ज्याचं त्याला माहीत.

त्यांनी मला लोणच्याला कधी हात लावू दिला नाही. कैऱ्या मी धुवायच्या, चिरायच्या, उन्हात पसरायच्या, आणि मसाला कालवायची वेळ आली की त्या म्हणायच्या, "तू हो बाजूला. तुझ्या हाताला पाणी सुटतं, बुरशी येईल." यात राग नसायचा. गॅस चालू आहे, जप, असं सांगावं तसं त्या सांगायच्या. मी बाजूला व्हायची. पापड लाटायला शेजारणी जमत तेव्हाही माझं काम पापड वाळत घालण्याचं, आणि तेही ताटात घालून.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कंपनीला परदेशातली कामं मिळायला लागली आणि ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी काचेची वेगळी खोली केली, तिला एसी बसवला. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. निम्म्या लोकांनी शिकायला नकार दिला. मी पहिल्या तुकडीत नाव घातलं. कागद नाही, शाई नाही, फुगायला काही नाही, एवढाच माझा हिशेब होता.

ते काम मला चांगलं जमलं. पण त्या खोलीत एक गोष्ट उघडी पडली. एसी इतका थंड असायचा की बायका स्वेटर घालून बसत, आणि मी त्याच खोलीत घामाने निथळत असे. बाहेर मी उन्हावर ढकलत होते, इथे ढकलायला ऊन नव्हतं. माझ्या माऊसखालची पाटी ओली व्हायची. एकदा कीबोर्डची बटणं अडकायला लागली म्हणून दुरुस्तीवाला आला. त्याने कीबोर्ड उलटा केला, उघडला, आत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इथे बसून चहा कोण पितं?"

"मी बसते इथे," मी म्हटलं. "चहा नाही. माझ्या हाताचा घाम आहे."

त्याने कीबोर्ड बदलला आणि तो गेला. साहेबांनी दुपारी येऊन हळूच विचारलं, "बेन, तबियत तो बरोबर छे ने?" त्यांना माझं हृदय बिघडलं आहे असं वाटत होतं. वाटण्यासारखंच होतं ते. जाड बाई, थंड खोली, अंगाला दरदरून घाम. त्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यायला लावली. ती व्यवस्थित निघाली. तिथल्याच डॉक्टरांनी मला अलकापुरीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. गुजरातीत बोलत, सावकाश. त्यांनी टेबलावर एक पातळ कागद ठेवला आणि मला त्यावर तळहात ठेवायला सांगितला. थोड्या वेळाने उचलला तर कागद हाताला चिकटूनच वर आला. त्यांनी तो सोडवला आणि विचारलं, "लहानपणी हात कोरडे असायचे?"

"नाही. तेव्हाही असेच."

"आणि लहानपणी वजन?"

"काडी होते मी."

"मग हातांच्या घामाचा वजनाशी काय संबंध?" त्या म्हणाल्या. "पाठीच्या घामाचा असेल थोडा. ही दोन वेगळी दुखणी आहेत, तुम्ही एकाच पोत्यात भरली आहेत."

मी भरली नव्हती, पण ते मी बोलले नाही. पस्तिशी ओलांडल्यावर हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मला त्या वेळी फार काही वाटलं असं नाही. घरी येताना मात्र मी नेहमीचं वळण चुकले आणि बरीच पुढे गेले.

त्यांनी आधी साखर आणि थायरॉईड तपासायला लावलं, कारण जाड माणसाच्या घामामागे तेही असू शकतं. दोन्ही ठीक निघालं. मग उपचार सुरू झाले. आधी एक पाण्यासारखं औषध, झोपताना कोरड्या कातडीवर लावायचं. काखेत त्याने बराच फरक पडला, तळहातांवर मात्र आग व्हायची आणि कातडी सोलवटायची. घाम तसाच. मग दवाखान्यात दोन थाळ्यांत नळाचं पाणी घेऊन त्यात हात बुडवून बसायचं आणि पाण्यातून बारीकसा वीजप्रवाह सोडायचा, असा प्रकार. मुंग्या येत. त्याने गुण येत होता, पण आठवड्यातून अनेकदा ऑफिस सोडून अलकापुरीला जाणं मला जमेना. एकदा डबा खात असताना मैत्रिणीने विचारलं, "कुठे जातेस गं सारखी?" मी सांगितलं, विजेच्या पाण्यात हात घालायला. तिला ती थट्टा वाटली.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "गोळी देऊन बघू. पण नीट ऐका. ही गोळी मुळात लघवीची आहे. ज्यांना लघवी धरवत नाही त्यांना देतात. तिने तोंड कोरडं पडतं, घामही कमी होतो. त्यांना जो त्रास, तो आपल्याला हवा आहे."

गोळीचं नाव ऑक्सिब्युटिनिन. मी विचारलं, माझं वजन पाहता मला जास्त लागेल का. त्या म्हणाल्या, "अंग मोठं म्हणून गोळी मोठी, असं नसतं. अर्ध्यापासून सुरू करू. आणि घाम बंद करायचा नाहीये आपल्याला, कमी करायचा आहे. उन्हाळ्यात सांभाळायचं. मार्च आला की मला भेटायचं." डोळ्यांचा दाब वाढलेला नाही ना, हेही त्यांनी आधी तपासून घ्यायला लावलं. दिवाळी नुकतीच झाली होती. मार्च मला फार लांबचा वाटला.

सुभानपुऱ्यातल्या औषधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "बेन, आ तो पेशाबनी दवा छे. तुमच्यासाठी की सासूबाईंसाठी? म्हातारी माणसं नेतात ही." मी माझ्यासाठी म्हटलं. त्याने पाकीट बंद करून दिलं, जरा जास्तच काळजीपूर्वक.

रात्री जेवताना मी ही गोष्ट घरात सांगितली. हसण्यावारी सांगितली. घामासाठी गेले आणि लघवीची गोळी घेऊन आले. नवरा हसला. "उद्या खोकल्याला टकलाचं तेल देतील," म्हणाला. आई हसल्या नाहीत. त्या दही आणायला उठल्या, आणि दही पानांजवळच होतं.

पहिले काही दिवस फक्त तोंड कोरडं पडत होतं. जीभ टाळूला चिकटायची. मी पर्समध्ये खडीसाखर आणि लवंगा ठेवल्या. पोट साफ होईना म्हणून इसबगोल सुरू केलं. घाम होताच. अर्धीची एक गोळी झाली, आणि मग एका सकाळी ऑफिसात मी प्रिंटांच्या गठ्ठ्यातून एक प्रिंट उचलायला गेले तर ती उचलेना. बोट कागदावरून नुसतं घसरत होतं. दोन कागद वेगळे करायला बोटाला जरासा ओलावा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे तो कायम होता. शेजारच्या टेबलावर ओल्या स्पंजची डबी असायची, ती कशासाठी ते मला त्या दिवशी कळलं. मी ती मागून घेतली.

मग बरेच दिवस मी वस्तू चाचपत होते. दाराची कडी, स्टीलचं भांडं, मुलाच्या शर्टाची कॉलर, माझीच साडी. सगळ्यांना एक खरखर होती किंवा गुळगुळीतपणा होता, जो आधी मला पाण्याच्या थरातून लागत असे. आनंद म्हणावा का याला? बहुधा म्हणावा. पण त्यात नवलच जास्त होतं. नवऱ्याने मांडवीत गर्दीतून रस्ता ओलांडताना माझा हात धरला आणि लगेच मागे वळून बघितलं. "मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा धरला."

ऑफिसात आणि सोसायटीत वेगळंच झालं. पाठीचा घामही कमी झाल्याने मी ताजी दिसत असावे. ज्या त्या बायका विचारायच्या, "वजन उतरवलंस वाटतं! किती?" वजन एक किलोही हललं नव्हतं. सुरुवातीला मी खरं सांगायची, नंतर नुसती हसायची. लोकांना जाडपणा दिसत नव्हता, घाम दिसत होता, आणि ते त्यालाच जाडपणा म्हणत होते.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. रविवार होता. नवरा मुलांना पतंगाचा मांजा आणायला घेऊन गेला होता. आई आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आईंनी पुढ्यातला ढीग अर्धा संपवला. मग शेंगेकडेच बघत म्हणाल्या, "त्या गोळीने घामाचं झालं. पण ती ज्यासाठी आहे, त्याला लागू पडते का गं?"

"पडत असणार. त्यासाठीच तर काढली आहे."

"म्हाताऱ्या माणसाला?"

"कुणाला, आई?"

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "मला," म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, ते एका दमात. आवाज शाळेतला होता, हजेरी घ्यावी तसा. सासऱ्यांच्या आजारपणापासून हे सुरू झालं होतं. लागली की धरवत नाही, संडासच्या दारापर्यंत पोचेतो होऊन जातं. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून वापरायच्या, स्वतः धुवायच्या, गच्चीच्या मागच्या दोरीवर वाळत घालायच्या. मी त्या दोरीवरच्या चिंध्या वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या आणि फडकी समजले होते. दांडिया बाजारात भजनाला एकदा सतरंजीवर झालं. त्या सगळ्यात शेवटी उठल्या, सतरंजी स्वतःच गुंडाळली आणि पुन्हा गेल्या नाहीत.

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"गुडघ्यांना काय झालंय?"

"आई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? म्हातारपण ते. तुझं जसं लठ्ठपण."

तुरीचे दाणे ताटात पडल्याचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "तुझ्यातली एक गोळी देऊन बघ मला."

ते मी केलं नाही. डोळे तपासून घ्यावे लागतात, डॉक्टरला विचारावं लागतं, असं सांगितलं. त्या नाराज झाल्या. डॉक्टर बाई असतील तरच येईन, म्हणाल्या. माझ्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी ज्यांचं नाव दिलं ते पुरुष निघाले. शेवटी आई आल्या, पण आपल्या पद्धतीने आल्या. डॉक्टर गुजरातीत प्रश्न विचारायचे, आई माझ्याकडे तोंड करून मराठीत उत्तर द्यायच्या, आणि मी ते गुजरातीत डॉक्टरांना सांगायची. आईंचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्या जन्मल्याच बडोद्यात. माझं एक वाक्य चुकलं तेव्हा त्यांनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केलं, आणि पुन्हा मराठीवर आल्या. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी शेवटपर्यंत माझ्याकडे बघूनच विचारलं.

लघवी तपासली, डोळे तपासले, ओटीपोटाचा व्यायाम शिकवला. गोळी दिली ती माझ्याहून कमी. म्हाताऱ्या माणसाला हिने कधी विसरायला होतं, बोलण्यात गोंधळ होतो, तसं काही दिसलं तर लगेच बंद करा, असं मला बजावलं. आईंनी हे ऐकलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "त्यांना सांग, मला अजून सगळे पाढे येतात."

गुण पूर्ण आला नाही, पण आला. घड्या कमी लागायला लागल्या. फेब्रुवारीत एका गुरुवारी मी ऑफिसातून आले तर दाराला कुलूप. शेजारणीने किल्ली दिली आणि सांगितलं, आजी रिक्षा करून भजनाला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फक्त रात्री भाकरी करताना काहीतरी गुणगुणत होत्या.

आता स्वयंपाकघरातल्या कपाटात आमच्या दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असायच्या. दोघींची तोंडं कोरडी. खडीसाखर आम्ही आता किलोने आणत होतो. नवरा म्हणायचा, "तुम्ही दोघी दिवसभर काय चघळत असता?" आम्ही सांगितलं नाही. माझं त्याला ठाऊक होतं. आईंचं मी सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि हे मी लिहितेय ते त्या गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

मार्च आला तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले नाही. ऑफिसात मोठं काम चालू होतं, आणि खरं सांगायचं तर गोळी कमी करा म्हणतील याची धास्ती होती. एप्रिलमध्ये कैऱ्या आल्या. मसाला कालवायच्या वेळी मी सवयीने बाजूला झाले तर आई म्हणाल्या, "कुठे चाललीस? घे की." मी कोपरापर्यंत हात घालून लोणचं कालवलं. हाताची पुढे दोन दिवस आग होत होती.

मे महिन्यात मला शहराबाहेर छाणीला जावं लागलं. आमच्या ड्रॉइंगवरून एका कारखान्यात पत्र्याचे मोठे हवेचे नळ बनत होते आणि मापं जुळत नव्हती. पूर्वी मला असल्या कामाला कुणी पाठवलं नसतं, पण आता मी मूळ नकाशे हातात घेऊन बिनधास्त फिरू शकत होते. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, आत वेल्डिंग, वर तळपणारं ऊन. दुपारची वेळ. सगळे घामाने भिजले होते. मालकांच्या शर्टावर मिठाचे नकाशे उमटले होते. मी कोरडी. मला आठवतं, त्या क्षणी मला बारीकसा अभिमान वाटला. इतक्या लोकांत मीच एक ठाकठीक.

मग डोकं दुखायला लागलं. कानांत गुं गुं. अंगावर काटा आला, थंडीत येतो तसा, आणि मला तो गारवा वाटला. मी एका नळाचं माप वाचून दाखवत होते आणि मालक म्हणाले, "बेन, हे या नळाचं नाही." मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "बेन, तुम्ही तारीख वाचताय."

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. त्यांचं घर कारखान्याला लागूनच होतं. त्यांच्या बायकोने मला ओसरीवर पंख्याखाली आडवं केलं आणि माठातलं पाणी तांब्या तांब्याने डोक्यावर ओतलं. माझं काय झालंय हे तिला कळलं नव्हतं, ती फक्त म्हणत होती, "बळे छे, बळे छे." भाजतंय नुसतं. थोडी सावरले तेव्हा मीच घरी जाते म्हटलं. त्यांनी रिक्षात सोबत बसून मला सुभानपुऱ्यात आणून सोडलं.

आईंनी दार उघडलं, माझ्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग ब्लाउजच्या आत पाठीला. "इतक्या उन्हातून आलीस आणि घाम कुठाय?" त्या म्हणाल्या. मी काहीतरी उत्तर दिलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी चादर नळाखाली धरून ओली केली, मला गुंडाळली, पंखा पूर्ण सोडला, आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं की हिच्या घामाच्या डॉक्टरला आत्ताच्या आत्ता विचार. डॉक्टरांनी तडक दवाखान्यात आणायला सांगितलं. तिथे सलाईन लावलं, काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला बघायला आल्या. रागावल्या नाहीत. "तुम्ही मार्चमध्ये यायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

"हो."

"शरीराला थंड व्हायला दुसरी सोय नाही, बेन. बारीक माणसाला एक वेळ निभावतं. वजन जास्त असलं की आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तुम्हाला घाम जास्त लागतो, कमी नाही." मग म्हणाल्या, "हाताचा नको असेल, पण पाठीचा तुमच्या कामाचाच आहे. गोळीला दोन्ही वेगळे करता येत नाहीत."

होळीपासून गोळी बंद, ऑक्टोबरचा उकाडा सरला की सुरू, असं ठरलं. उन्हाळ्यात हातांपुरते पाण्याच्या थाळ्यांवर भागवायचं. आईंच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. त्यांनी आईंची गोळी आणखी थोडी कमी केली आणि दुपारी घराबाहेर पडायचं नाही अशी ताकीद दिली. आई म्हणाल्या, दुपारी या गावात कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही.

दोन-तीन दिवसांनी मी ऑफिसला गेले तेव्हा कीबोर्डवर पुन्हा ओल दिसली. मला वाईट वाटेल अशी माझी कल्पना होती, तसं झालं नाही. फार बरं वाटलं असंही नाही. मी बाजारातून कीबोर्डवर घालायचं प्लास्टिकचं आवरण आणलं. कुणी विचारलं तर आता ॲलर्जी म्हणत नव्हते, घाम येतो म्हणून सांगत होते. ते ऐकून माणसं ॲलर्जीइतकीच गप्प बसत.

पुढे अनेक वर्षं मी त्याच पद्धतीने चालले. हिवाळ्यात गोळी, उन्हाळ्यात रुमाल. वजन कधी थोडं उतरलं, बहुतेक वेळा नाही. आईंची गोळी चार-पाच वर्षांनी बंद करावी लागली, कारण त्या एकच गोष्ट दोनदा सांगायला लागल्या आणि डॉक्टरांना त्यात गोळीचा वाटा असावा असं वाटलं. बंद केल्यावर सांगणं कमी झालं की नाही, ते मला नक्की सांगता येणार नाही.

पण त्या पहिल्या वर्षी, पाऊस लागल्यावर, आई कोल्हापूरला धाकट्या बहिणीकडे गेल्या. सासरे गेल्यापासून त्या बडोद्याबाहेर पडल्या नव्हत्या. बहीण इकडे येत असे, या तिकडे जात नसत. नवऱ्याला त्याचं आश्चर्य वाटलं. "गुडघे?" त्याने विचारलं. "बरे आहेत," आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

पंधरवड्याने परत आल्या. स्टेशनवरून रिक्षाने आल्या आणि तडक जिना चढल्या. पिशवीतून बहिणीने दिलेल्या वस्तू काढून ओट्यावर मांडायला लागल्या. कांदा-लसूण मसाला, काकवीची बाटली, मुलांना चपला. मी प्रवास कसा झाला विचारलं.

"प्रवासासारखा झाला," त्या म्हणाल्या. "समोर एक बाई होती, सबंध रस्ताभर बोलत होती. खिडकी मिळाली होती मला."

पावसामुळे माझं अलकापुरीला थाळ्यांसाठी जाणं पंधरवडाभर चुकलं होतं. मी काकवीची बाटली उचलून फळीवर ठेवायला गेले. ती बाहेरून ओलसर होती का माझा हात होता कोण जाणे, पण हातातून निसटता निसटता राहिली. आईंनी ते पाहिलं.

"आला वाटतं परत?" त्यांनी विचारलं.

"आला."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि मसाल्याच्या पुडीची गाठ सोडायला लागल्या.